करंट कमी, तरी मोटार तापते: वागळे इस्टेटमधल्या एका कॉम्प्रेसरचं प्रकरण

"ताई, टाँग टेस्टर लावून बघितला. करंट तर शेजारणीपेक्षा कमी आहे. मग हीच का तापते?"

फोनवरचं पहिलं वाक्य हे होतं. (टाँग टेस्टर म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं मीटर.) बोलणारे एका गाळ्याचे मालक. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर १६ च्या त्या लायनीत त्यांना सगळे काका म्हणतात. पत्र्याची कपाटं आणि इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवून, रंगवून देण्याचं त्यांचं काम. रंगाच्या गनला आणि न्यूमॅटिक हत्यारांना हवा लागते, त्यासाठी पट्ट्यावर चालणारे दोन कॉम्प्रेसर. दोन्हींच्या मोटारी एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या. नेमप्लेटही सारखीच: १० एचपी म्हणजे ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, डेल्टा, १४.४ अँपिअर, १४४० आरपीएम. एक मोटार दाराजवळ, दुसरी मागच्या कोपऱ्यात. पुढे मी त्यांना दारातली आणि कोपऱ्यातली असंच म्हणणार आहे.

कोपऱ्यातलीचा इतिहास काकांनी चहा येईपर्यंत सांगून टाकला. गणपतीच्या आधी तिचं पुलीकडचं बेअरिंग गेलं. आत फिरणारा भाग म्हणजे रोटर बाहेरच्या स्थिर भागाला, स्टेटरला, घासला, स्टेटरमधल्या तांब्याच्या गुंड्या म्हणजे वाइंडिंग खरचटलं, मोटार नव्या गुंड्या भरायला, रिवाइंडिंगला गेली. परत आल्यावर चालायची नीट, पण दुपारी कधीही ओव्हरलोड रिलेवर (करंट जास्त झाला की मोटार बंद पाडणारं उपकरण) ट्रिप व्हायची. मग देखभालीचं कंत्राट असलेल्या माणसाने स्टार्टरच्या बाहेर पडणाऱ्या तारांवर तीन केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर जोडला. ट्रिपिंग त्या दिवशीच थांबलं. सगळे खूश. एप्रिलमध्ये मोटार जळाली. पुन्हा रिवाइंडिंग झालं, या वेळी चांगली तार आणि चांगला कागद घालून. कपॅसिटर होता तिथेच राहिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात काकांनी मोटारीवर हात ठेवला, चटका बसला आणि त्यांनी मला फोन केला.

दोन्ही कॉम्प्रेसर सात किलो प्रेशरवर तासभर सलग चालवायला सांगितले आणि मोजलं. व्होल्टेज तिन्ही फेजमध्ये ४१८ च्या आसपास, फरक दोन-तीन व्होल्टचा. पॅनेलवर दारातलीचा करंट १३.६ अँपिअर, कोपऱ्यातलीचा १२.८. काका खरं बोलत होते. वेग दोघींचा जवळजवळ सारखा. पण बॉडीचं तापमान दारातलीचं ६४ अंश आणि कोपऱ्यातलीचं ८३.

पहिला दोष डोळ्यांनाच दिसत होता. कोपऱ्यातलीचं फॅन कव्हर भिंतीपासून जेमतेम दोन इंचांवर होतं आणि बॉडीच्या फिन्समध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमध्ये, रंगाची धूळ आणि तेल यांचा थर बसला होता. पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. कॉम्प्रेसर फूटभर पुढे सरकवला, फिन्स खरवडून काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी तसंच तासभर चालवल्यावर तापमान ७१ वर आलं. बारा अंश फक्त साफसफाईचे. हे लिहून ठेवते, कारण मोटार तापली की लोक आधी वाइंडिंगवर संशय घेतात आणि फिन्सकडे सर्वांत शेवटी बघतात.

आता कोपऱ्यातलीची हवा दारातलीपेक्षा वाईट नव्हती आणि करंट तर कमी होता. तरी ती सात अंशांनी जास्त गरम. मोटार बंद करून लगेच वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजला: थंड असताना ३३ अंशांना १.०७ ओम होता, तो १.३२ झाला होता. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरलेल्या हिशेबाने वाढतो, त्यावरून आतलं सरासरी तापमान ९५ अंशांच्या वर निघतं. खाचांच्या मधोमध त्याहून जास्त. जून महिन्यात, फिन्स साफ केल्यावर हे होतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली काय असेल ते वेगळं सांगायला नको.

काकांच्या फोनमध्ये एप्रिलमध्ये जळालेल्या वाइंडिंगचा फोटो होता. तो मी बराच वेळ बघितला. एक फेज गेली असती तर डेल्टा मोटारीत (तिन्ही फेजच्या गुंड्या त्रिकोणात जोडलेल्या) एका फेजच्या गुंड्या काळ्या पडतात आणि बाकीच्या दोन शाबूत दिसतात. स्टारमध्ये (तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं) उलट, दोन काळ्या आणि एक शाबूत. इथे तिन्ही फेजच्या सगळ्या गुंड्या एकसारख्या करपलेल्या होत्या, भाकरी तव्यावर जास्त वेळ राहावी तशा. हे अनेक दिवसांच्या उष्णतेचं काम होतं. म्हणजे मोटारीत ठरल्यापेक्षा जास्त करंट वाहत होता आणि रिलेला त्याचा पत्ता नव्हता.

मग मी मोटारीवरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण उघडलं आणि टाँग टेस्टर तिथे लावला. पॅनेलवर १२.८ होते. इथे १५.२.

*

या दोन आकड्यांमधला फरक समजला की निम्मं प्रकरण सुटतं.

मोटार लाइनमधून दोन प्रकारचा करंट घेते. एक काम करणारा: जो पट्टा ओढतो आणि उष्णतेत जातो. दुसरा चुंबक उभा करणारा: जो प्रत्येक सायकलमध्ये चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा भरतो आणि परत काढून घेतो. हे दोन एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणून त्यांची बेरीज सरळ होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते. दारातलीचे १३.६ अँपिअर म्हणजे ११.४ कामाचे आणि ७.४ चुंबकाचे. कोपऱ्यातलीचे, टर्मिनल बॉक्समध्ये मोजलेले १५.२ म्हणजे ११.५ कामाचे आणि ९.९ चुंबकाचे. काम दोघी सारखंच करत होत्या. फरक होता तो चुंबकाच्या करंटमध्ये.

तीन केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर ४.२ अँपिअर पुरवतो, आणि तो चुंबकाच्या करंटच्या बरोबर उलट दिशेचा असतो. कपॅसिटर मोटारीच्या शेजारी बसून तिला तो करंट हातउसना देतो, तेवढा लाइनमधून आणावा लागत नाही. पॅनेलवर चुंबकाचे ९.९ मधून ४.२ वजा, उरले ५.७. ११.५ आणि ५.७ यांचा कर्ण १२.८. टाँग टेस्टर बरोबर बोलत होता, पण तो केबलबद्दल बोलत होता. वाइंडिंगमधून १५.२ च वाहत होते आणि तांबं वाइंडिंगच्या करंटच्या वर्गाच्या हिशेबाने तापतं. दारातलीच्या तुलनेत पंचवीस टक्के जास्त.

आता ओव्हरलोड रिले कुठे होता ते बघा. (दहा एचपीला बऱ्याच ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. इथे डीओएल, म्हणजे थेट लाइनवर सुरू करणारा स्टार्टर होता, त्यामुळे हिशेब सरळ आहे.) रिले कॉन्टॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा, कॉइलवर चालणारा स्विच) खाली, आणि कपॅसिटर रिलेच्याही खाली. म्हणजे रिलेलाही १२.८ च दिसत होते. रिले १४.४ वर लावलेला. माझ्या हिशेबाने वाइंडिंगमध्ये १७ अँपिअर वाहायला लागेपर्यंत त्या रिलेला काही जाणवलंच नसतं. कपॅसिटरने ट्रिपिंग थांबवलं ते रिलेच्या डोळ्यांवर पट्टी बांधून. आधी दुपारी दुपारी होणारं ट्रिपिंग हीच त्या मोटारीची हाक होती.

त्या कंत्राटदाराला मी दोष देऊन मोकळी होणार नाही. मोटारीजवळ कपॅसिटर लावणं ही चांगली पद्धत आहे; केबलमधला करंट कमी होतो, पॉवर फॅक्टर (एकूण करंटमधला कामाच्या करंटचा वाटा) सुधारतो. फक्त तो कॉन्टॅक्टर आणि रिले यांच्या मध्ये जोडायचा असतो, किंवा रिलेच्या खाली जोडला तर रिलेचं सेटिंग त्या प्रमाणात खाली आणायचं असतं. एक तार दोन इंच वर लागली असती तर एप्रिलचं वाइंडिंग बहुधा वाचलं असतं. खरा प्रश्न मात्र तरीही उरला असता: या मोटारीला शेजारणीपेक्षा चुंबकासाठी अडीच अँपिअर जास्त का लागतात?

*

रविवारी गाळा बंद असताना दोन्ही मोटारींचे पट्टे काढले, कपॅसिटर सोडवला आणि दोघींना रिकाम्या फिरवल्या. रिकाम्या मोटारीचा करंट जवळजवळ सगळा चुंबकाचाच असतो, त्यामुळे ही चाचणी स्वस्तात खूप सांगून जाते. दारातली: ५.७ अँपिअर, ३९० वॅट. कोपऱ्यातली: ८.३ अँपिअर, ४५५ वॅट. तिन्ही फेज सारख्या.

रिवाइंडिंगवाल्या दादांना बोलावलं होतं, ते आलेही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मोटारीला नावं ठेवली जाणार म्हणून थोडे ताठ होते. त्यांनी त्यांची डायरी आणली होती. दोन्ही वेळच्या नोंदी स्वच्छ अक्षरात: खाचा किती, एका खाचेत फेरे किती, तारेचा गेज, पिच. मूळ वाइंडिंग सोडताना मोजलेले फेरे आणि नवे भरलेले फेरे एकच. आणि त्यांच्याच नोंदीत दोन्ही वेळा लिहिलेलं: "नो लोड ८.२". मी विचारलं, दादा, हे खटकलं नाही का? ते म्हणाले, "मॅडम, दहाच्या मोटारीला आठ चालतं. लोडवर चौदा, रिकाम्यात आठ."

हा अंदाज अगदी निराधार नाही. या आकाराच्या चार पोलच्या मोटारीचा रिकामा करंट पूर्ण लोडच्या साधारण ३५ ते ४५ टक्के असतो. सव्वासहा-साडेसहा अँपिअरपर्यंत मीही काही म्हटलं नसतं. पण ८.२ म्हणजे ५७ टक्के, आणि जुळी बहीण शेजारी ४० टक्क्यांवर चालत होती.

रिकाम्या मोटारीचा करंट वाढायला कारणं मोजकी असतात. व्होल्टेज जास्त: नव्हतं, दोघींना एकाच वेळी एकच व्होल्टेज होतं. फेरे कमी: डायरी नाही म्हणत होती, आणि तिन्ही फेजचे रेझिस्टन्स दारातलीशी जुळत होते. काही फेरे एकमेकांना शॉर्ट: मग तिन्ही फेज सारख्या राहिल्या नसत्या. जुनं वाइंडिंग काढताना गॅसच्या ज्योतीने स्टेटरच्या पत्र्यांमधलं इन्शुलेशन जळणं: हा माझा पहिला संशय होता, कारण असं बऱ्याच ठिकाणी होतं. पत्रे एकमेकांना चिकटले की त्यांच्यात भोवरी करंट फिरतात आणि गाभा तापतो. पण मग वॅट वाढायला हवेत. इथे वाढले ६५. वाइंडिंगच्या रेझिस्टन्समधून ५.७ ऐवजी ८.३ अँपिअर गेले की फक्त तांब्यातच सुमारे ६० वॅट वाढतात. म्हणजे वाढीव वॅटचा जवळजवळ पूर्ण हिशेब तांब्यातच लागला, लोखंडाच्या नावावर काही उरलं नाही. दादांनी गाभा जाळलेला नव्हता. हे मी त्यांना तिथेच सांगितलं आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले.

उरलं एकच. रोटर आणि स्टेटर यांच्यामधली फट.

*

फटीबद्दल गाळ्यातल्या फिटर मामांनी लगेच शंका काढली, आणि ती इतकी रास्त होती की तिच्यावर थांबायला हवं. ते म्हणाले, "फट वाढली तर चुंबक ढिलं पडेल. मोटार मऊ चालेल, करंट कमी घेईल. जास्त कसा घेईल?"

मामांच्या डोळ्यांसमोर बॅटरीवरचा चुंबक होता. तिथे ते बरोबर आहेत. डीसीवर करंट ठरवतो तारेचा रेझिस्टन्स. फट वाढवा, कमी करा, करंट तोच राहतो आणि फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, घटतो. एसीवर मात्र गोष्ट उलटी होते. गुंडीवर जे व्होल्टेज येतं त्याला तोंड देण्यासाठी तिच्यात तेवढंच उलटं व्होल्टेज निर्माण व्हावं लागतं, आणि ते निर्माण होतं बदलत्या फ्लक्समधून. व्होल्टेज म्हणजे ४.४४ गुणिले फ्रीक्वेन्सी गुणिले फेरे गुणिले फ्लक्स (वाइंडिंगच्या रचनेमुळे थोडा फरक पडतो, तो सोडून देऊ). महावितरणचं व्होल्टेज ठरलेलं, पन्नास हर्ट्झ ठरलेले, फेरे ठरलेले. मग फ्लक्सही ठरला. या सूत्रात फटीचा पत्ताच नाही. फट कितीही असो, तेवढा फ्लक्स मोटारीला उभा करावाच लागतो. फटीवर अवलंबून असतो तो फक्त त्यासाठी मोजायचा करंट.

तोंडी सांगून मामांना पटलं नसतं. पॅनेलमध्ये एक सुटा कॉन्टॅक्टर पडला होता. त्याच्या कॉइलला एसी दिला: खट्कन आत ओढला, करंट अगदी किरकोळ. मग सप्लाय बंद करून, हलत्या आणि स्थिर लोखंडाच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवली आणि दोन सेकंदांपुरता पुन्हा दिला. करंट कितीतरी पटींनी वर गेला आणि कॉन्टॅक्टर घरघरायला लागला. "म्हणून कचरा अडकला की कॉइल जळते," मामा स्वतःच म्हणाले. त्यांनी आयुष्यात अशा कितीतरी कॉइल बदलल्या होत्या.

चुंबकीय परिपथ हा विजेच्या परिपथासारखा मोजता येतो. १८८६ साली जॉन आणि एडवर्ड हॉपकिन्सन या भावांनी डायनॅमोची रचना याच पद्धतीने मांडली. विजेच्या परिपथात व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स. इथे अँपिअर-फेरे, फ्लक्स आणि रिलक्टन्स, म्हणजे फ्लक्सच्या वाटेतला अडथळा. मोटारीत फ्लक्स स्टेटरच्या पत्र्यांतून येतो, फट ओलांडून रोटरमध्ये जातो, आणि पुन्हा फट ओलांडून परत. लोखंडाची वाट वीतभर लांब, फट केसाच्या काही पट. पण मोटारीतल्या नेहमीच्या फ्लक्सला ते पोलाद हवेपेक्षा दोन हजार पटींच्या घरात सुलभ असतं. म्हणून अँपिअर-फेऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ती बारीक फटच खाऊन टाकते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात फट नसते म्हणून तो रिकामा असताना पूर्ण करंटच्या एक-दोन टक्क्यांवर भागवतो; मोटारीला फिरायला फट लागते, म्हणून तिला चाळीस टक्के मोजावे लागतात.

हीच गोष्ट इंडक्टरच्या भाषेतही दिसते. फट वाढली की रिलक्टन्स वाढतो, इंडक्टन्स (गुंडीचा बदलत्या करंटला होणारा विरोध, हेन्रीत मोजतात) घटतो. रविवारच्या आकड्यांवरून दारातलीचा एका फेजचा इंडक्टन्स सुमारे ०.४० हेन्री निघतो, कोपऱ्यातलीचा ०.२८. तेवढंच व्होल्टेज, कमी हेन्री, म्हणून जास्त अँपिअर.

आणि मोटार मऊ का पडली नाही, तर फ्लक्स तोच, म्हणून टॉर्कही जवळजवळ तोच. वेग तोच. आवाज तोच. विजेचे युनिटही जवळजवळ तेवढेच, कारण चुंबकाचा करंट युनिट खात नाही. तांब्यातली थोडी वाढीव उष्णता सोडली तर बिलात काही दिसत नाही. हे दुखणं फक्त अँपिअरमध्ये आणि तापमानात दिसतं, आणि अँपिअर कपॅसिटरने झाकले होते.

*

त्याच रविवारी दोन्ही मोटारी उघडल्या. दारातलीचं बेअरिंग तसंही ग्रीसिंगला आलं होतं. स्टेटरचा आतला व्यास आणि रोटरचा बाहेरचा व्यास चार-चार ठिकाणी मोजला. दारातली: १३६.०२ आणि १३५.२२ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.४० ची फट. कोपऱ्यातली: १३६.०४ आणि १३४.७२. फट ०.६६.

पाव मिलिमीटर. दोन व्हिजिटिंग कार्डंसुद्धा त्याहून जाड असतात. पण पाव मिलिमीटर हवा म्हणजे फ्लक्सच्या दृष्टीने जवळजवळ अर्धा मीटर पोलाद वाटेत आणून ठेवण्यासारखं. हिशेब ताळ्यावर येतो का ते पाहिलं: तीन चतुर्थांश वाटा फटीचा, फट १.६५ पट झाली, एक चतुर्थांश लोखंडाचा तसाच. एकूण साधारण दीडपट. ५.७ चे ८.५ व्हायला हवेत. मोजले होते ८.३. कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा इतके जवळ आले की मला अजूनही शाळकरी मुलीसारखा आनंद होतो.

रोटरचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत होता. दादांनी कबूल केलं: गणपतीच्या वेळी रोटर घासून निळा पडला होता, ओरखडे होते, म्हणून लेथवर पाठवला. लेथवाल्याने डाग जाईपर्यंत कट मारले. त्याच्या धंद्यात ते चोख काम आहे. शाफ्ट असो, बुश असो, डाग राहिला तर गिऱ्हाईक परत पाठवतं. रोटरचा बाहेरचा पृष्ठभाग हा फिनिशिंगचा भाग नसून चुंबकीय परिपथाचा भाग आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रोटर घासला तर उठलेली कड पॉलिश पेपरने मोडायची, अगदीच गरज पडली तर मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांत काम संपवायचं, आणि खरा खर्च बेअरिंगची झिजलेली बैठक बुश घालून पुन्हा मापात आणण्यावर करायचा. ओरखडे दिसायला वाईट असतात, पण ते राहिले तरी मोटार चालते. कापून गेलेलं लोखंड परत येत नाही.

मग पुढे काय करायचं, यावर तासभर चर्चा झाली. रोटरवर धातू चढवून पुन्हा मापात आणण्याची कल्पना काकांनी मांडली. पण रोटर पातळ पत्र्यांचा असतो; त्यावर घन धातूचं आवरण चढवलं तर त्यात भोवरी करंट फिरतील आणि एक दुखणं काढून दुसरं घेतल्यासारखं होईल. दादांचा पर्याय जास्त विचार करण्यासारखा होता: फेरे दहा टक्के वाढवू. बाजारात हे करतात. फेरे वाढले की तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स नऊ टक्के कमी लागतो, चुंबकाचा करंट बराच खाली येतो. पण जास्तीत जास्त टॉर्क फ्लक्सच्या वर्गाने घटतो, म्हणजे सतरा टक्के गेला. शिवाय त्याच खाचेत जास्त फेरे बसवायचे तर तार बारीक घ्यावी लागते आणि तांब्याची उष्णता पुन्हा डोकं वर काढते. पंख्याच्या मोटारीला मी कदाचित हो म्हटलं असतं. टाकीत प्रेशर असताना सुरू होणाऱ्या कॉम्प्रेसरला नाही.

शेवटी काकांनी नवी मोटार घेतली, आयएस १२६१५ या भारतीय मानकाप्रमाणे आयई३ या कार्यक्षमतेच्या वर्गाची. या आकाराला आयई३ ची किमान कार्यक्षमता ९०.४ टक्के आहे. जुनी मोटार त्याच लोडवर ८७ च्या आसपास चालत होती. फरक साधारण ०.३२ किलोवॅटचा. काकांचा कॉम्प्रेसर दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस असा चालला तर अकराशेहून जास्त युनिट वाचतात. कपॅसिटर ठेवला, पण रिलेच्या वर, स्वतःच्या फ्यूजसह. रिले नव्या नेमप्लेटप्रमाणे लावला, आणि तारा आवळून झाल्यावर मामांनी पॅनेल आणि टर्मिनल बॉक्स अशा दोन्ही ठिकाणी टाँग टेस्टर लावून दोन आकडे दरवाज्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिले.

एक गोष्ट मात्र मोटारीच्या आतली नव्हती. पहिलं बेअरिंग गेलंच का? दारातल्या कॉम्प्रेसरचा पट्टा मी अंगठ्याने दाबून पाहिला, तो हललाच नाही. मामांच्या मते पट्टा टणक असला की घसरत नाही. म्हणून ते तबल्यासारखा आवाज येईपर्यंत ताणायचे. एवढा ताण सगळा पुलीकडच्या बेअरिंगवर येतो. व्ही-पट्टा दोन पुलींच्या मधोमध ठरलेल्या जोराने दाबल्यावर दर मीटर अंतराला सोळा मिलिमीटर दबला पाहिजे. इथे अंतर अर्धा मीटर होतं, म्हणजे आठ. दोन्ही कॉम्प्रेसरचे पट्टे त्या मापाने लावले. मामांना तो पहिल्या दिवशी ढिला वाटत होता. संध्याकाळपर्यंत एकदाही घसरला नाही तेव्हा त्यांनी पुन्हा ताणायचा विषय काढला नाही.

नवी मोटार बसल्यावर तासाभराने कोपऱ्यात बॉडी ५९ अंशांवर होती.

जुना रोटर दादा घेऊन गेले. महिनाभराने एका दुसऱ्या मोटारीसाठी त्यांच्या दुकानात गेले तेव्हा तो दारातच ठेवलेला होता, वर पांढऱ्या रंगात १३४.७२ असं लिहून. डायरीत फेऱ्यांच्या पुढे दोन नवे रकाने आखलेले होते: रोटर व्यास येताना, रोटर व्यास जाताना. त्यातल्या एका ओळीत, एका पंपाच्या मोटारीसमोर, दोन्ही आकडे सारखेच होते आणि शेवटी लिहिलं होतं: "रोटर घासलेला. लेथला दिला नाही."